दान, दाता आणि वाद

दान घेणाऱ्याने दात्याचा हात पाहावा की त्याची कीर्ती पाहावी, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. परंतु दुष्काळग्रस्त मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत तो नव्या रूपाने उभा राहिला आहे. चित्रपटसृष्टीतील नामवंत मंडळी पाण्यासाठी, शेतकऱ्यांसाठी आणि त्यांच्या निराधार कुटुंबांसाठी पुढे आली. त्यांच्यामागे प्रसिद्धी आली, पैसा आला आणि वादही आले. अशा वेळी लोकसेवेच्या संस्थांनी काय करावे? वादग्रस्त हाताची मदत झिडकारावी, की ती घेऊन त्या हाताची बाजू लढवावी? आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. तिसरा मार्ग तटस्थतेचा आहे. तो दिसतो त्याहून अवघड आहे आणि म्हणूनच त्याचा विचार नीट व्हावयास हवा.

या प्रश्नाचे मूर्त स्वरूप पाहावयाचे तर बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यात जावे लागेल. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला हा मुलूख. पाऊस बेताचा आणि तोही बेभरवशाचा. विहिरींनी उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठावा आणि दिवाळीच्या सुमारास माणसांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जावे, हा तेथील अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्याच तालुक्यातील आनंदवाडी या लहानशा गावाने २०१८ मध्ये ‘पानी फाउंडेशन’च्या वॉटर कप स्पर्धेत भाग घेतला. ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस, ऐन वैशाखातल्या उन्हात, राज्यातील चोवीस जिल्ह्यांच्या पंचाहत्तर तालुक्यांमध्ये ही स्पर्धा चालली. गावोगावचे लोक कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन माळावर उतरले. त्या स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील टाकेवाडी पहिली आली. तिसरा क्रमांक आष्टीतील आनंदवाडी आणि नागपूर जिल्ह्यातील उमठा या दोन गावांनी विभागून मिळविला. एका अवर्षणग्रस्त तालुक्यातील गावाने एवढ्या मोठ्या संख्येतून वर यावे, ही गोष्ट कोणालाही अभिमानाची वाटेल.

परंतु या स्पर्धेमागे ज्यांचे नाव आहे त्या आमिर खान यांच्याभोवती स्पर्धा सुरू होण्याच्या काही महिने आधीच केवढे वादळ उठले होते, हे वाचकांना स्मरत असेलच. नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्लीत एका पुरस्कार समारंभात त्यांनी देशातील असहिष्णुतेविषयी आणि आपल्या पत्नीला वाटलेल्या चिंतेविषयी काही उद्गार काढले. त्यावर देशभर गदारोळ झाला. त्यांच्या चित्रपटांवर बहिष्काराच्या हाका उठल्या. ‘अतुल्य भारत’ या सरकारी मोहिमेशी असलेला त्यांचा संबंध संपला आणि एका व्यापारी कंपनीने त्यांच्याशी असलेला करार पुढे चालविला नाही. नेमक्या त्याच सुमारास, २०१६ मध्ये, त्यांनी आणि किरण राव यांनी पानी फाउंडेशनची स्थापना केली. पहिल्या वर्षी स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांपैकी अंबाजोगाई हा एक, म्हणजे बीड जिल्ह्यातीलच होता. ज्या पक्षाचे समर्थक या अभिनेत्यावर तुटून पडले होते त्याच पक्षाचे मुख्यमंत्री स्पर्धेच्या पारितोषिक समारंभाला उपस्थित राहिले आणि शासनाने या कामाला साहाय्यही केले. यात कोणाला ढोंग दिसेल. आम्हाला शहाणपण दिसते. दिल्लीतील एका सभेत काय बोलले गेले याचा निवाडा आनंदवाडीच्या माळावर करण्याचे काही कारण नव्हते, आणि तो तेथे झाला नाही हे चांगलेच झाले.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे या दोघा अभिनेत्यांनी २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ उभे केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना धनादेश देण्यापासून नदीनाल्यांतील गाळ काढण्यापर्यंत या संस्थेचे काम पसरले. बीडसह मराठवाड्याने ते काम जवळून पाहिले आहे. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये अभिनेत्री तनुश्री दत्त यांनी, २००८ मधील एका चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी पाटेकर यांनी आपल्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप केला. पाटेकर यांनी तो नाकारला. पोलिसांनी २०१९ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण मिटविण्याचा अहवाल दिला. आणि मार्च २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी, तक्रार कायद्याने ठरविलेली मुदत उलटल्यावर झाली असल्यामुळे, तिची दखल घेण्यास नकार दिला. म्हणजे आरोप खरा ठरला नाही आणि खोटाही ठरला नाही. न्यायासनाने ज्याचा निवाडा केला नाही त्याचा निवाडा एखाद्या सेवासंस्थेने कोणत्या अधिकाराने करावयाचा? आणि तरीही ज्या संस्थेकडे निराधार स्त्रिया साहाय्यासाठी येतात तिने, असे काही घडलेच नाही, अशा थाटात तरी कसे वागावे?

अशा मदतीला हातच लावू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांनी दानाचा विचार करताना घेणारा सत्पात्र आहे की नाही हे जसे पाहिले, तसे कोणाचे दान घेऊ नये याचेही नियम घालून दिले होते. प्रतिग्रह करणाऱ्याला दात्याचे पाप लागते, अशी ती समजूत. आजचा सुशिक्षित मनुष्य पाप हा शब्द वापरणार नाही. तो ‘प्रतिमा’ म्हणेल. वादग्रस्त माणसाच्या पैशाने संस्थेची प्रतिमा मलिन होते आणि त्या माणसाची मात्र उजळते, असा हा युक्तिवाद आहे. परंतु त्यात एक गोष्ट निसटते. शास्त्रातला प्रतिग्रह करणारा ब्राह्मण स्वतःसाठी दान घेत होता; ते नाकारले तर उपाशी राहणारा तोच होता. सेवासंस्था घेते ती दुसऱ्यासाठी. पुण्यामुंबईच्या कचेरीत बसून एखाद्या विश्वस्ताने तत्त्वासाठी धनादेश परत केला, तर त्या तत्त्वाची किंमत तो विश्वस्त मोजत नाही. ती आष्टीच्या एखाद्या वस्तीवरील हंडा मोजतो. दुसऱ्याच्या तहानेवर आपली सोवळेपणाची हौस भागविणे याला आम्ही नीतिमत्ता म्हणू शकत नाही.

मात्र याचा अर्थ, पैसा कोणाचाही असो आणि कसाही असो, तो डोळे मिटून घ्यावा, असा नव्हे. तटस्थता म्हणजे आंधळेपणा नव्हे. रेडक्रॉस चळवळीने १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे जी सात मूलतत्त्वे जाहीर केली त्यांत तटस्थता हे एक आहे. तिचे कारणही तेथे स्पष्ट केलेले आहे: सर्वांचा विश्वास टिकून राहावा म्हणून चळवळीने युद्धात कोणाची बाजू घ्यावयाची नाही आणि राजकीय, वांशिक, धार्मिक वा वैचारिक वादांत पडावयाचे नाही. म्हणजे तटस्थता हे साधन आहे. गरजूपर्यंत पोहोचणे हे साध्य आहे. ज्या क्षणी तटस्थतेच्या नावाखाली गरजूचाच विश्वास गमावला जातो, त्या क्षणी ती तटस्थता राहत नाही, ती सोय होते.

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. त्या काळात रमाबाईंइतकी विख्यात आणि वादग्रस्त स्त्री या प्रांतात दुसरी नव्हती. पैसा अमेरिकेतील साहाय्यकांचा होता, रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, आणि विधवांच्या धर्मात हात घालावयाचा नाही या अटीवर सदन उभे होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी त्या भरवशावरच सल्लागार म्हणून आपली नावे दिली. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्यावरून पुण्यात काहूर माजले आणि १८९३ मध्ये हे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपण कोणाला बोलावले नाही आणि आपले दारही लावून घेणार नाही. कोणाचे बरोबर होते, हा वाद आज सव्वाशे वर्षांनंतरही मिटलेला नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. संस्थेची तटस्थता कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे आधी नेमके ठरलेले नव्हते, आणि त्याचा भुर्दंड ज्या मुलींना सदनातून काढून नेण्यात आले त्यांना पडला.

याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि स्वतःच्या गावचा बहिष्कार ओढवून घेतला. कर्वे त्या वेळी किती वादग्रस्त होते, हे आज त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांच्या ध्यानातही येणार नाही. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची उभारणी आरंभली तेव्हा त्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. विधवांना शिक्षण देणे हे आश्रमाचे काम. त्यांचा पुनर्विवाह घडवून आणणे हे नव्हे. पुनर्विवाहाची चळवळ त्यांनी आश्रमाबाहेर ठेवली आणि आश्रमाविषयी कोणाला संशय राहू नये म्हणून पुढे त्या मंडळीच्या कामातून स्वतःचे अंगही काढून घेतले. आपले मत त्यांनी लपविले नाही, बदललेही नाही. पण आपल्या मताचे ओझे त्यांनी संस्थेच्या खांद्यावर टाकले नाही. पुनर्विवाह ज्यांना मुळीच मान्य नव्हता अशा घरांतूनही मग आश्रमाला साहाय्य आणि विद्यार्थिनी मिळू शकल्या. वादग्रस्त माणूस आणि तटस्थ संस्था एकाच घरात नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास परप्रांतात जाण्याची गरज नाही.

तटस्थता मोडते ती बहुधा दान घेताना नव्हे, तर घेतल्यानंतर. दात्याला संस्थेकडून पैसा नको असतो. त्याला दाखला हवा असतो. मदर तेरेसा यांच्यासारख्या व्यक्तीलाही हा मोह आवरला नाही. अमेरिकेतील चार्ल्स कीटिंग या धनिकाने त्यांच्या कार्याला सुमारे साडेबारा लाख डॉलर दिले होते. हजारो वृद्ध ठेवीदारांचा पैसा बुडविल्याच्या प्रकरणात त्याच्या शिक्षेचा प्रश्न १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयापुढे आला, तेव्हा मदर तेरेसांनी न्यायाधीशांना पत्र लिहून दयेची विनंती केली. त्यावर एका सरकारी वकिलाने त्यांना उलट लिहिले, की हा पैसा ज्यांच्यापासून घेतला गेला त्यांना तो परत करावा. कीटिंगच्या शिक्षा पुढे अपिलात रद्द झाल्या आणि १९९९ मध्ये त्याने काही गुन्हे कबूलही केले. तो भाग निराळा. दान घेणे हा दोष नव्हता. दान घेतले त्या वेळी तो पैसा कसा आला हे कदाचित ठाऊकही नसेल. दोष होता तो सेवेची पुण्याई एका आरोपीच्या पारड्यात टाकण्याचा. मुंबईतही मे २०१५ मध्ये सलमान खान यांच्या खटल्यात, सत्र न्यायालयात शिक्षेच्या प्रश्नावर युक्तिवाद करताना, बचाव पक्षाने त्यांच्या धर्मादाय कार्याचा दाखला दिला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. परंतु दानधर्म हा न्यायालयात वापरावयाचा पुरावा होऊ लागला की दान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने सावध व्हावे, हे उघड आहे.

याहून भयंकर उदाहरण इंग्लंडमधील आहे. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदक जिमी सॅव्हिल याने स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयातील मज्जारज्जूच्या रुग्णांच्या केंद्रासाठी एक कोटी पौंडांहून अधिक निधी जमविला. १९८३ मध्ये ते केंद्र सुरू झाले. कृतज्ञतेपोटी त्या रुग्णालयाने त्याला मुक्तद्वार दिले. २०११ मध्ये तो वारला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची कृत्ये बाहेर पडू लागली. २०१५ च्या चौकशी अहवालानुसार एकट्या त्या रुग्णालयात साठ जण त्याच्या अत्याचाराला बळी पडले होते, आणि काहींनी वेळीच केलेल्या तक्रारींकडे कोणी लक्ष दिले नव्हते. ज्याने इमारत उभी केली त्याच्याविरुद्ध परिचारिकेचे किंवा मुलीचे कोण ऐकणार? येथे संस्थेने एकही पत्र लिहिले नाही, एकही जाहीर बाजू घेतली नाही. तरी तिची तटस्थता केव्हाच संपली होती, कारण देणाऱ्याचा शब्द तिच्या लेखी घेणाऱ्याच्या शब्दाहून जड झाला होता.

या सर्वांवरून काही मर्यादा आपोआप स्पष्ट होतात. वाद हा दात्याच्या मतांविषयी असेल, तर संस्थेने त्यात पडू नये आणि मदत उघडपणे घ्यावी. नागरिकाला मत असण्याचा अधिकार आहे आणि दुष्काळग्रस्ताला त्या मताशी कर्तव्य नाही. वाद हा दात्याच्या वर्तनाविषयी असेल आणि न्यायनिवाडा झालेला नसेल, तर संस्थेने आरोप करणाऱ्याला खोटे ठरवू नये आणि आरोप ज्याच्यावर आहे त्याला गुन्हेगारही ठरवू नये. काम चालू ठेवावे. पण त्या व्यक्तीला व्यासपीठावर मिरविणे थांबवावे, लाभार्थींशी तिचा थेट संबंध येऊ देऊ नये, आणि संस्थेतील कोणाची तक्रार असेल तर ती ऐकण्यासाठी त्या व्यक्तीच्या प्रभावाबाहेरची माणसे नेमावीत. आणि वाद खुद्द पैशाविषयीच असेल, म्हणजे तो पैसा कोणाचा तरी लुबाडलेला आहे असे सिद्ध झाले असेल, तर तेथे तटस्थतेला जागाच नाही. तो पैसा दात्याचा नव्हे, म्हणून संस्थेचाही नव्हे. तो ज्याचा त्याला परत गेला पाहिजे.

तटस्थतेची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपले सुशिक्षित लोक अधिक दुर्लक्ष करतात. निंदेपुढे तटस्थ राहावयाचे तर स्तुतीपुढेही राहावे लागते. नामवंताच्या भोवतीचा वाद जसा कामावरून लक्ष उडवितो, तसेच त्याच्या भोवतीचे तेजही उडविते. आमिर खान देशभक्त आहेत की नाहीत यावर शहरांत रात्री जागविल्या गेल्या. पण खोदलेल्या चरांत पाणी किती मुरले, ते कोणाच्या विहिरीला लागले, आणि त्या पाण्यावर पुन्हा ऊसच उभा राहिला काय, हे प्रश्न कितीशा मंडळींनी विचारले? शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात अपेक्षित यश आले नाही, असा निष्कर्ष भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये काढला. तो शासकीय योजनेविषयीचा होता, कोणा खाजगी संस्थेविषयीचा नव्हे. परंतु लेखापरीक्षकाची ती कठोर दृष्टी प्रत्येक जलसंस्थेच्या वाट्याला आली पाहिजे, मग तिच्या मागे नट असो, उद्योगपती असो वा संत असो. दात्याच्या चारित्र्याची चर्चा सोपी असते. कामाचे मोजमाप कष्टाचे असते. म्हणून आपण पहिली करतो आणि दुसरे टाळतो.

येथे शहरातील वाचकांचीही जबाबदारी आहे. २०१८ च्या महाराष्ट्रदिनी हजारो शहरवासी ‘जलमित्र’ म्हणून गावोगाव श्रमदानाला गेले, ही आनंदाची गोष्ट होती. परंतु एका दिवसाच्या उत्साहाने संस्था स्वतंत्र होत नाहीत. जी संस्था एकाच प्रसिद्ध चेहऱ्यावर जगते तिने तटस्थतेच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी वेळ येताच तिला त्या चेहऱ्याची वकिली करावीच लागते, कारण तो चेहरा गेला तर तिची तिजोरी जाते. ज्या संस्थेमागे दरमहा दोनशे-पाचशे रुपये देणारी हजारो साधी माणसे उभी आहेत, तिला कोणाचीच वकिली करण्याची गरज पडत नाही. तेव्हा एखाद्या नटाची मदत घेतल्याबद्दल संस्थेवर टीका करण्यापूर्वी, आपण स्वतः तिला काय दिले, हे टीकाकाराने स्वतःला विचारावे.

आणि संस्थांनीही वादळ उठण्याची वाट पाहत बसू नये. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदलेल्या न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करावाच लागतो. पण कायद्यापुरता हिशेब आणि लोकांपुढचा हिशेब यांत अंतर आहे. कोणाकडून किती आले, त्याबरोबर कोणती अट आली, दात्याला कारभारात स्थान आहे काय, आणि त्याच्याविषयी वाद उद्भवल्यास संस्था काय करील, हे प्रत्येक संस्थेने वाद उद्भवण्यापूर्वीच लिहून गावाच्या चावडीवर लावावे. सदनाच्या सल्लागारांना आणि रमाबाईंना हे आधी ठरविता आले असते तर पुण्यातील त्या मुलींची परवड कदाचित टळली असती.

आनंदवाडीच्या लोकांनी उन्हातान्हात माती उपसली ती कोणाच्या देशभक्तीचा वा चारित्र्याचा दाखला देण्यासाठी नव्हे. गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडांची संख्या घटावी, एवढीच त्यामागची आशा. त्यांच्या कामाचे माप नीट घेतले जावे, त्यांच्या नावावर कोणी प्रतिष्ठा कमावू नये आणि त्यांच्या तहानेवर कोणी आपले वैर काढू नये, एवढे मागण्याचा त्यांना अधिकार आहे. तो अधिकार सांभाळणे हेच तटस्थ संस्थेचे पहिले काम होय. दात्यांचे वाद शहरांत खुशाल चालोत. संस्थेने मात्र गावाचा हिशेब गावापुढे ठेवण्यात एका दिवसाचीही हयगय करू नये.